कबुली आणि पुरावा : ‘इन्क्विझिटर’ या गेमचे एक वाचन

१. प्रस्तावना

आपल्या अभ्यासक्रमात व्हिडिओ गेमचा विषय निघतो तो बहुधा ग्राफिक्सच्या किंवा अल्गोरिदमच्या तासाला. पात्र पडद्यावर कसे हलते, शत्रू आपल्यापर्यंत येण्याची वाट कशी शोधतो, हे आपण शिकतो. गेम काय म्हणतो, हा प्रश्न मात्र आपण कला शाखेवर सोडून देतो. या पाठात आपण तोच प्रश्न हाती घेणार आहोत. गेम हा नियमांचा संच असतो, आणि नियम वाचता येणे हे तर आपले काम आहे.

त्यासाठी मी ‘इन्क्विझिटर’ हा गेम निवडला आहे. तो फार गाजलेला नाही. तुमच्यापैकी बहुतेकांनी त्याचे नावही ऐकले नसेल. हा पाठ समजण्यासाठी तो खेळलेला असणे आवश्यक नाही. त्यात माणसांच्या छळाचे प्रसंग आहेत, तेव्हा ज्यांना तो खेळावासा वाटेल त्यांनी हे आधी लक्षात घ्यावे.

पाठाच्या शेवटी तुम्हाला दोन प्रश्नांची उत्तरे देता यावीत अशी अपेक्षा आहे. कबुली म्हणजे पुरावा का? आणि या प्रश्नाचे उत्तर एखादा गेम आपल्या नियमांतून कसे देतो?

२. गेमची ओळख

‘इन्क्विझिटर’ हा चेक प्रजासत्ताकातील सिनेमॅक्स या कंपनीने तयार केलेला रोल-प्लेइंग गेम आहे. तो २००९ साली चेक भाषेत आणि २०१२ साली इंग्रजीत आला. रोल-प्लेइंग गेममध्ये खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो, त्या पात्राचे गुण आणि कौशल्ये हळूहळू वाढवतो आणि कथा पुढे नेतो. ‘फॉलआउट’ (१९९७) आणि ‘बाल्डर्स गेट’ (१९९८) यांनी या प्रकाराला जो आकार दिला, त्याच जुन्या घडणीचा हा गेम आहे. त्रिमिती ग्राफिक्स सर्वत्र रुळल्यानंतरही त्याने द्विमिती चित्रे, वरून तिरके दिसणारे दृश्य आणि पानेच्या पाने चालणारे संवाद सोडले नाहीत.

गेम घडतो अल्थर्स्ट नावाच्या काल्पनिक राज्यात. तेथील धर्म, चर्च, गावे आणि माणसांची राहणी मध्ययुगीन युरोपवरून बेतलेली आहे. सुरुवातीला तीन भूमिकांपैकी एक निवडायची असते : धर्मगुरू, पॅलाडिन म्हणजे धर्मयोद्धा, किंवा चोर. भूमिका कोणतीही घेतली तरी काम एकच, इन्क्विझिटरचे. इन्क्विझिशन म्हणजे चर्चने पाखंडी लोकांची चौकशी करण्यासाठी नेमलेली यंत्रणा आणि इन्क्विझिटर म्हणजे तिचा चौकशी अधिकारी. हिलब्रांट या गावात आपण पोहोचतो. तेथे गुन्हे घडले आहेत, लोक घाबरलेले आहेत आणि जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो आहे. आपण लोकांशी बोलायचे, साक्षी आणि वस्तू गोळा करायच्या, संशयितावर आरोप ठेवायचा, त्याला पकडायचे, यातना देऊन कबुली घ्यायची आणि चितेवर पाठवायचे. अधूनमधून तळघरांत आणि रानांत राक्षसांशी लढायचे.

लढाईबद्दल आधीच सांगून टाकतो. ती कंटाळवाणी आहे. शत्रूंचे घोळके एकामागून एक येतात, आपले पात्र लवकर दमते, आणि तीच ती क्लिक करत तास निघून जातात. संवाद मात्र सकस आहेत. सामान्य माणूस अधिकाऱ्यापुढे कसा बोलतो, काय लपवतो, शेजाऱ्याबद्दलची चहाडी कशी सहज सरकवतो, हे लिहिणाऱ्याला नेमके कळले आहे. गेम संपवण्याइतका धीर मला या संवादांनीच दिला.

३. वरून दिसणारे जग

पहिल्या वर्षी इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये तुम्ही आयसोमेट्रिक प्रोजेक्शन काढले असेल. त्यात दोन अक्ष आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करतात. जुन्या गेममध्ये मात्र बहुधा २:१ हे प्रमाण वापरत : आडवे दोन पिक्सेल गेले की उभा एक. त्यामुळे कोन सुमारे २६.६ अंशांचा होतो. काटेकोर भाषेत हे आयसोमेट्रिक नव्हे, डायमेट्रिक. पण नाव आयसोमेट्रिक हेच रूढ झाले. पडद्यावर तिरकी रेषा स्वच्छ उमटावी आणि गणित पूर्णांकांत राहावे, ही त्यामागची व्यावहारिक सोय.

या पद्धतीत समांतर रेषा समांतरच राहतात. दूरची वस्तू लहान दिसत नाही आणि जवळची मोठी दिसत नाही. पाहणारा कोठेच उभा नसतो. इमारतीचा आराखडा पाहताना हे फार उपयोगी पडते. पण कोठडीत बांधलेला माणूस असा पाहिला की त्याचा चेहरा दिसत नाही, आणि आपण त्याच्या समोर उभे आहोत असेही वाटत नाही. आपण वरून पाहतो, फाइल पाहावी तसे. गेमकर्त्यांनी हे याच हेतूने केले असे मी म्हणत नाही. त्यांनी आपल्या आवडत्या गेमची पद्धत उचलली असणार. तरी पद्धतीचा परिणाम व्हायचा तो होतोच. छळाचा प्रसंग खेळताना मला जेवढे अस्वस्थ वाटायला हवे होते तेवढे वाटले नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

४. पाखंडी कोण?

मराठीत ‘पाखंडी’ ही शिवी आहे. पण अशोकाच्या बाराव्या शिलालेखात ‘पासंड’ हा शब्द कोणत्याही धर्मपंथासाठी साध्या अर्थाने येतो, आणि सगळ्या पासंडांचा मान राखा असे तो लेख सांगतो. युरोपात ज्याला ‘हेरेसी’ म्हणतात त्याचे मूळ ग्रीक आहे आणि तेथे त्याचा अर्थ होता निवड. दोन दूरच्या भाषांत साध्या शब्दांना सारखीच अवकळा आली. ‘वेगळा पंथ’ याचा अर्थ पुढे ‘चुकीचा माणूस’ असा झाला.

इतिहासातल्या इन्क्विझिटरपुढची अडचण यातूनच सुरू होते. चोरी झाली तर चोरीचा माल असतो. खून झाला तर प्रेत असते. पण मनातल्या श्रद्धेचा मुद्देमाल कोठून आणायचा? चेटूक केले, सैतानाशी करार केला, रात्री आकाशातून उडत मेळाव्याला गेली, या आरोपांना कोणतीही वस्तू पुरावा म्हणून दाखवता येत नव्हती. माणूस स्वतःच्या तोंडाने बोलला तरच गुन्हा ‘दिसणार’.

येथे युरोपातील त्या काळच्या पुरावाशास्त्राचा नियम समजून घ्यावा लागतो. गंभीर गुन्ह्यात शिक्षा देण्यासाठी दोन प्रत्यक्षदर्शी साक्षीदार किंवा आरोपीची कबुली लागे. बाकी सारा पुरावा, कितीही सबळ असला तरी, अपुरा धरला जाई. मात्र एक साक्षीदार किंवा भक्कम संशय म्हणजे ‘अर्धा पुरावा’, आणि अर्धा पुरावा असेल तर छळाची परवानगी मिळे. जॉन लँगबाइन या कायद्याच्या इतिहासकाराने १९७७ च्या आपल्या पुस्तकात हेच दाखवले आहे : पुराव्याची अट इतकी कडक होती की ती पूर्ण करण्यासाठी छळ व्यवस्थेचा भाग बनला. नियम करणाऱ्यांचा हेतू निरपराधाला वाचवण्याचा होता. परिणाम उलट झाला. पोप चौथा इनोसंट याने १२५२ साली पाखंडाच्या चौकशीत छळाला मुभा दिली. तीही मर्यादा घालून, अवयव तुटू नये आणि जीव जाऊ नये अशी. नंतर कबुली छळाच्या खोलीबाहेर पुन्हा वदवून घ्यायची, असाही नियम होता. पण नाही म्हटले तर पुन्हा आत जावे लागेल, हे ज्याला ठाऊक आहे तो बाहेर येऊन दुसरे काय म्हणणार?

५. वाचणे आणि लिहिणे

आता गेमकडे परत येऊ. माझा मुख्य आक्षेप मी तुमच्याच भाषेत मांडतो.

मेमरीवर दोन मूलभूत क्रिया करता येतात. रीड, म्हणजे तेथे जे आहे ते वाचणे, आणि राइट, म्हणजे तेथे नवे काही लिहिणे. वाचल्याने मूल्य बदलत नाही, लिहिल्याने बदलते.

‘इन्क्विझिटर’मध्ये कोण अपराधी आहे हे लेखकाने आधीच ठरवले आहे. तुम्ही गेम सुरू करता त्याच क्षणी ते उत्तर फाइलमध्ये साठवलेले असते. पात्राने कोठडीत बोलायची वाक्येही आधीच लिहून ठेवलेली असतात. म्हणून या गेमात छळ ही रीड क्रिया आहे. माणसाच्या आत सत्य आहे, ते तो सांगत नाही, चिमटा लावला की ते बाहेर येते. कबुली मिळाली की कथा पुढे सरकते. शिवाय हे काल्पनिक जग आहे, त्यात राक्षस खरोखर आहेत, त्यांना बोलावणारे लोकही खरोखर आहेत. खऱ्या इन्क्विझिटरला जे कधीच सापडले नाही ते गेमने आपल्या इन्क्विझिटरला पहिल्या तासातच देऊन टाकले. १४८६-८७ च्या सुमारास हाइनरिख क्रामर याने चेटकिणी शोधण्याचा जो कुप्रसिद्ध ग्रंथ छापला, तो या जगात बरोबर ठरला असता.

इतिहासात मात्र छळ ही राइट क्रिया होती. विचारणारा जे विचारतो तेच उत्तरात उमटते. १६३१ साली फ्रीडरिश स्पी या जेझुइट धर्मगुरूने आपले नाव न छापता एक पुस्तक काढले आणि स्वतः चर्चचा माणूस असूनही हेच सांगितले : चेटकिणींची संख्या वाढते आहे ती छळामुळे, आणि त्याच यातना आपल्याला दिल्या तर आपणही चेटूक कबूल करू.

इयान बोगोस्ट या अभ्यासकाने २००७ साली ‘प्रोसीजरल ऱ्हेटोरिक’ ही संज्ञा मांडली. तिचा अर्थ असा की गेम आपला युक्तिवाद संवादांतून करतो त्यापेक्षा अधिक आपल्या प्रक्रियेतून करतो. ‘इन्क्विझिटर’मधील एखादे पात्र छळाला नावे ठेवील, एखाद्या धर्मगुरूचा दुष्टपणा उघडा पडेल. पण नियम काय सांगतो? छळ उपयोगी पडतो, हेच सांगतो. संवाद एक म्हणतात, यंत्र दुसरे म्हणते, आणि खेळाडूच्या हाताला सवय लागते ती यंत्राची.

६. लोसिनी आणि प्राग

हा गेम चेक भूमीतून यावा, याला इतिहासात मोठा संदर्भ आहे. यान हुस हा प्रागमधील धर्मसुधारक ६ जुलै १४१५ रोजी कॉन्स्टन्स येथे पाखंडी म्हणून जाळला गेला. तो दिवस आज चेक प्रजासत्ताकात सार्वजनिक सुट्टीचा असतो. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलके उदाहरण उत्तर मोराव्हियातील वेल्के लोसिनी या गावाचे आहे.

१६७८ साली एका गरीब म्हातारीने चर्चमध्ये मिळालेला प्रसाद तोंडात न खाता लपवून घेतला. एका सुइणीची गाय दूध देत नव्हती, तिला तो द्यायचा होता. प्रकरण एवढेच. जहागीर सांभाळणाऱ्या सरदारणीने चौकशीसाठी बॉब्लिग नावाच्या माणसाला बोलावले. त्याचे कायद्याचे शिक्षण अर्धवट राहिले होते, पण चेटकिणींच्या खटल्यांचा त्याला अनुभव होता. त्याने छळ सुरू केला आणि प्रत्येक आरोपीला एक प्रश्न ठरलेला असे : मेळाव्याला आणखी कोण कोण होते?

तुम्ही ब्रेड्थ फर्स्ट सर्च शिकला आहात. एक नोड घ्यायचा, त्याचे शेजारी रांगेत टाकायचे, रांग रिकामी होईपर्यंत चालू ठेवायचे. ग्राफ मर्यादित असतो, कडा आधीपासून ठरलेल्या असतात, म्हणून अल्गोरिदम थांबतो. बॉब्लिगच्या अल्गोरिदममध्ये कडा आधी नव्हत्याच. प्रश्न विचारला की कड तयार होई. रांग रिकामी होणे शक्यच नव्हते. खटल्यांचा खर्च आरोपींच्या मालमत्तेतून निघत असल्यामुळे नवी नावे मिळत राहण्यात चालवणाऱ्यांचे हितही होते. भिकारणी आणि सुइणीपासून सुरू झालेली रांग शेजारच्या शुम्पेर्क शहरातील साटलर या सधन रंगारी कुटुंबापर्यंत गेली. त्यांच्या तोंडून तेथील सुशिक्षित डीन क्रिस्टोफ लाउट्नर याचे नाव वदवून घेतले गेले. त्याला १६८० मध्ये अटक झाली आणि १६८५ मध्ये जाळण्यात आले. १६९६ पर्यंत या खटल्यांत शंभराच्या आसपास माणसे मेली. बॉब्लिगला कधीच शिक्षा झाली नाही.

या खटल्यांवर वात्स्लाव काप्लिट्स्की यांनी १९६३ मध्ये कादंबरी लिहिली आणि ओताकार वाव्रा यांनी १९७० मध्ये तिच्यावरून चित्रपट केला. चेक प्रेक्षकांना त्यात सतराव्या शतकाबरोबर आणखी एक काळ दिसला. नोव्हेंबर १९५२ मध्ये प्रागला रुडोल्फ स्लान्स्की आणि इतर तेरा जणांवर खटला चालला. स्लान्स्की हे सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस राहिलेले होते. आरोपींनी न्यायालयात आपल्या गुन्ह्यांची सविस्तर कबुली दिली. ती उत्तरे त्यांच्याकडून आधी पाठ करून घेतली होती. अकरा जणांना फाशी झाली. पुढे काही वर्षांनी त्याच राजवटीला हे खटले खोटे होते असे मान्य करावे लागले. येथे तर ‘राइट’ हा शब्द अक्षरशः लागू पडतो. कबुली कागदावर आधी लिहिली गेली आणि माणसाच्या तोंडात नंतर घातली गेली.

७. आपल्याकडे

इन्क्विझिशन ही केवळ युरोपची गोष्ट नाही. पोर्तुगीजांनी गोव्यात ती १५६० मध्ये सुरू केली आणि मधला चारएक वर्षांचा खंड सोडला तर १८१२ पर्यंत चालवली. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांनी घरात जुने आचार पाळले का, हा तिच्या चौकशीचा एक मोठा विषय होता. अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ मध्ये तिच्यावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. मराठी वाचकाने हा गेम खेळताना अल्थर्स्ट फार दूरचे आहे असे समजण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट आपल्या कायद्याची. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमातील कलम २५ नुसार पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नसे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही, कलम २३ मध्ये, हे तत्त्व कायम आहे. त्याला एक अपवाद आहे. आरोपीने सांगितल्यामुळे एखादी गोष्ट प्रत्यक्ष सापडली, तर तिच्याशी थेट संबंध असलेला तेवढाच भाग ग्राह्य धरता येतो. तुमच्या भाषेत सांगायचे तर नुसत्या शब्दांवर विश्वास नाही, बाहेर जाऊन पडताळता आले तरच ते मूल्य स्वीकारायचे. एवढे असूनही सिनेमात पोलिसाने दोन ठेवून दिल्या आणि चोर बोलला की आपण टाळ्या वाजवतो. कायद्याला जे दीडशे वर्षांपूर्वी उमगले ते आपल्या मनाला अजून पटलेले नाही.

८. एक अनुभव

पटलेले नाही असे मी तुमच्याबद्दल म्हणत नाही, स्वतःबद्दल म्हणतो.

मी नोकरीला लागून काही वर्षे झाली होती तेव्हाची गोष्ट. दुसऱ्या वर्षाच्या लॅबमध्ये लिंक्ड लिस्टचे दोन प्रोग्राम माझ्यापुढे आले. दोन्ही ओळ न् ओळ सारखे. एक मुलगा वर्गातला हुशार, चटपटीत बोलणारा. दुसरा खेड्यातून आलेला, मराठी माध्यमातला, विचारल्याशिवाय तोंड न उघडणारा. मी दुसऱ्याला बोलावले. पहिल्याला बोलावण्याचे माझ्या डोक्यातही आले नाही.

तो म्हणाला, “नाही सर, मी केलाय.” मी म्हणालो, “खरं सांगितलंस तर इथंच मिटवू. नाहीतर प्रकरण वर जाईल, घरी पत्र जाईल.” तो गप्प राहिला. मी पुन्हा विचारले. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा तो खाली बघत म्हणाला, “हो सर.” मी त्याच्याकडून तसे लिहून घेतले, मार्क कापले आणि प्रकरण दयाळूपणे मिटवले असे समजून चहाला गेलो.

त्या सत्राच्या शेवटी पहिला मुलगा आपण होऊन माझ्याकडे आला. “सर, तो प्रोग्राम त्याचाच होता. मी त्याच्या पेन ड्राइव्हमधून घेतला होता.” मी दोन्ही कागद पुन्हा काढून पाहिले. प्रोग्राममध्ये नोडसाठी नाव होते ‘गाठ’ आणि पुढच्या नोडच्या पॉइंटरसाठी ‘पुढची’, रोमन अक्षरांत लिहिलेली. ही नावे दोघांपैकी कोणाला सुचली असतील, हे शाळकरी पोरानेही सांगितले असते. ती पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांपुढे होती. मी ती पाहिली नाहीत, कारण कबुली मिळाल्यावर पाहण्याची गरजच उरली नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो होतो.

मी मार्क परत दिले, वर्गापुढे माझी चूक सांगितली आणि त्या मुलाची क्षमा मागितली. तो “असू दे सर” म्हणाला. त्यानंतर पदवी मिळेपर्यंत त्याच्या कोणत्याही प्रोग्राममध्ये मला मराठी नाव दिसले नाही.

मी कोणाला हातही लावला नव्हता. तरी छळाची मूळ रचना त्या टेबलावर पूर्ण हजर होती : एकाच्या हातात अधिकार, दुसऱ्याला घराची भीती, आणि हवे ते उत्तर येईपर्यंत तोच प्रश्न. गेमातील कोठडी पाहताना मला राक्षस आठवले नाहीत, ते टेबल आठवले.

९. दुसरी वाट : ‘पेंटिमेंट’

मग गेमला हे दाखवणे शक्यच नाही का? उत्तर फाइलमध्ये आधीच लिहिलेले असणे ही गेमची अपरिहार्य मर्यादा आहे, असे कोणी म्हणेल. तसे नाही, हे ऑब्सिडियन कंपनीच्या ‘पेंटिमेंट’ (२०२२) या गेमवरून दिसते.

तो सोळाव्या शतकातील बव्हेरियात, टासिंग नावाच्या काल्पनिक गावात घडतो. आपण आंद्रेयास नावाचा चित्रकार असतो. जवळच्या मठात एका सरदाराचा खून होतो आणि आळ येतो आंद्रेयासच्या वृद्ध मित्रावर. त्याला वाचवायचे तर दुसरा अपराधी दाखवावा लागतो. चौकशीला वेळ मोजका असतो. एका घरी जेवायला गेलात तर दुसऱ्या घरचे बोलणे हुकते. शेवटी हाती आलेल्या अर्धवट धाग्यांवरून तुम्ही एक नाव सुचवता आणि त्या माणसाला सर्वांसमोर देहदंड होतो. त्यानंतर गेम तुम्हाला सांगतच नाही की तुम्ही बरोबर होता की चूक. तुम्ही त्याच गावात पुढेही वावरता आणि त्या माणसाच्या जाण्याने काय झाले ते पाहता.

येथे ‘अपराधी’ या चौकटीत खात्रीचे मूल्य ठेवलेलेच नाही. खेळाडूच ते लिहितो आणि आपण लिहिले हे त्याला कळते. म्हणजे अडचण माध्यमाची नाही, रचनेतल्या एका निर्णयाची आहे.

१०. मूल्यमापन

मग ‘इन्क्विझिटर’ वाईट गेम आहे का? मी तसे म्हणणार नाही. एका बाबतीत तो त्याच्या प्रकारातील अनेक गेमपेक्षा शहाणा आहे. तो तुम्हाला थेट कोठडीत नेत नाही. आधी फिरायला लावतो, ऐकायला लावतो, साक्षी जुळवायला लावतो. प्रतिष्ठित माणसांना संशयातून सूट देत नाही. पुराव्याशिवाय हात पुढे जात नाही, हा त्याचा नियम चांगला आहे, आणि माझ्या लॅबमध्ये मी तेवढाही पाळला नव्हता.

त्याची चूक या चांगल्या नियमानंतर येते. इतक्या कष्टाने जमवलेल्या पुराव्यानंतर छळाची गरज काय, हा प्रश्न तो विचारत नाही. पुरावा पुरेसा असेल तर कबुली फालतू आहे, आणि पुरावा अपुरा असेल तर कबुली धोकादायक आहे. दोन्ही बाजूंनी कोठडीला जागा उरत नाही. गेममध्ये ती आहे, कारण विषय इन्क्विझिशनचा आहे आणि कोठडीवाचून तो विषय कसा दाखवायचा, असे कर्त्यांना वाटले असावे. ज्या देशाने लोसिनी आणि १९५२ पाहिले तेथून आलेल्या गेमकडून मला निदान एका निरपराध माणसाची पाठ केलेली कबुली ऐकायची होती. ती ऐकून खेळाडूने पुढे जावे, आणि बऱ्याच पुढे गेल्यावर त्याला ‘गाठ’ हे नाव दिसावे, एवढे झाले असते तर हा गेम मोठा झाला असता.

तुमच्यापैकी काही जण उद्या गेम लिहितील. त्याहून कितीतरी अधिक जण अशी सॉफ्टवेअर लिहितील जी माणसांना संशयित ठरवतात : कर्ज कोणाला नाकारायचे, परीक्षेत कोणाच्या हालचाली संशयास्पद, कोणता व्यवहार बनावट. त्या प्रत्येक ठिकाणी स्वतःला विचारा : माझा प्रोग्राम तेथे असलेले मूल्य वाचतो आहे, की स्वतःच लिहून पुन्हा वाचतो आहे?

११. विचारासाठी प्रश्न

१. तुम्ही खेळलेल्या एखाद्या गेममध्ये पात्रांचे संवाद एक सांगतात आणि नियम दुसरेच सांगतात असे आढळले आहे का? उदाहरण देऊन स्पष्ट करा.

२. ‘अर्धा पुरावा’ ही कल्पना निरपराधांच्या संरक्षणासाठी असलेल्या कडक नियमातून निघाली. चांगल्या हेतूच्या नियमाचा परिणाम उलट झाल्याचे आणखी एक उदाहरण संगणक प्रणालीतून शोधा.

३. लोसिनीतील खटल्यांची रांग आलेखाच्या रूपात काढा. अल्गोरिदम थांबण्यासाठी कोणती अट घालावी लागली असती?

४. ‘इन्क्विझिटर’मधील छळाचा भाग काढून टाकला तर गेमच्या कथेत आणि नियमांत काय काय बदलावे लागेल? एक पानभर आराखडा लिहा.